‘सध्याचं शहर : सांगली’ – दूरच्या नोकरीसाठी कोणती सेवा किती कामाची

पुण्यातल्या कंपनीचा भरती करणारा माणूस नोकरी डॉट कॉमवर उमेदवार शोधायला बसतो, तेव्हा कौशल्य आणि अनुभव भरून झाल्यावर त्याच्यासमोर उमेदवार सध्या कुठे राहतो हा रकाना येतो. तिथे त्याने फक्त ‘पुणे’ निवडलं, की सांगलीच्या विश्रामबागेत राहणारा, वालचंद इंजिनीअरिंग कॉलेजमधून मेकॅनिकल झालेला, कुपवाड एमआयडीसीत चार वर्षं काम केलेला उमेदवार यादीत येतच नाही. त्याचा बायोडाटा नापसंत होण्याइतकाही पुढे जात नाही. सांगली-साताऱ्यातून पन्नास-साठ अर्ज करूनही फोन येत नाही, तेव्हा शिक्षण कमी पडलं असं घरात बोललं जातं. आमच्या मते बहुतेक वेळा कमी पडलेली असते ती शहराच्या रकान्यातली माहिती.

म्हणून या आढाव्यात प्रत्येक सेवेला एकच प्रश्न विचारला आहे: दोनशे किंवा सातशे किलोमीटरवर बसलेल्या उमेदवाराला ती दाराशी नेते, की गावाच्या नावावरूनच गाळते? त्यावरून पाचपैकी गुण दिले आहेत. या दोन जिल्ह्यांना लांब जाणं नवं नाही. विटा-आटपाडीकडचे सोनं-चांदी गाळणारे गलाई कारागीर देशभरच्या सराफ पेठांत पोचले, माण-खटावची माणसं मुंबईत माथाडी झाली. पण त्यांच्या आधी गावचा कोणीतरी तिथे गेलेला असायचा आणि त्याचा शब्द चालायचा. आता तो शब्द संकेतस्थळावरच्या रकान्यांतून द्यावा लागतो, आणि रकाने नीट भरले नाहीत तर तो पोचत नाही.

नोकरी डॉट कॉमपासून सुरुवात करू, कारण पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबाद या चार ठिकाणच्या खासगी नोकरीसाठी अजूनही सर्वांत जास्त फोन इथूनच येतात. १९९७पासून चालू असलेली ही सेवा दोन बाजूंनी काम करते. एका बाजूला आपण जाहिरात बघून अर्ज करतो. दुसऱ्या बाजूला कंपनी पैसे भरून उमेदवारांच्या साठ्यात शोध घेते. गावाकडचे उमेदवार पहिल्या बाजूवर तासन् तास घालवतात, आणि फोन मात्र दुसऱ्या बाजूने येतात. त्यामुळे प्रोफाइल भरायला दिलेला एक निवांत रविवार वीस अर्जांपेक्षा जास्त उपयोगाचा.

‘सध्याचं ठिकाण’ या रकान्यात खरं गाव लिहा. पुण्यातल्या मामाचा पत्ता टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नये. पुण्याचा पत्ता पाहून ‘उद्या अकरा वाजता प्रत्यक्ष या’ असा फोन येतो आणि उमेदवार रात्रीच्या एसटीत बसतो किंवा कारणं सांगू लागतो. पुढे निवड झाली तर पार्श्वभूमी पडताळणीत पत्ताही तपासला जातो आणि तिथे विसंगती निघते. सांगलीचा पत्ता ठेवूनही शोधात येता येतं, कारण शोधणाऱ्याला ‘या शहरात स्थलांतर करायला तयार असलेलेही दाखवा’ असा पर्याय असतो. तो पर्याय आपल्याला पकडतो ‘पसंतीचं ठिकाण’ या रकान्यावरून, आणि तोच रकाना लोक रिकामा ठेवतात किंवा ‘महाराष्ट्रात कुठेही’ असं भरतात. असं मोघम भरलेल्यांना वगळण्याचा पर्यायही शोधणाऱ्याच्या हातात असतो. इथे दहापर्यंत ठिकाणं देता येतात, पण तीन किंवा चारच द्या आणि त्यांची नावं निवडा: पुणे, नवी मुंबई, बंगळूर. दहाच्या दहा भरलेला माणूस कुठेच जायला पक्का नाही असं वाचणाऱ्याला वाटतं.

नावाखालचं शीर्षक २५० अक्षरांचं असतं. तिथे ‘मेहनती व प्रामाणिक’ लिहून जागा घालवू नये. पद, वर्षं, दोन यंत्रं किंवा दोन सॉफ्टवेअर आणि शेवटी स्थलांतराची ओळ असा क्रम ठेवावा. उदाहरणार्थ: सीएनसी व व्हीएमसी प्रोग्रॅमिंग, चार वर्षं, फानुक कंट्रोल, सांगलीहून पुण्यात स्वखर्चाने राहायला येण्यास तयार, नोटीस ३० दिवस. अर्थात हे इंग्रजीत लिहायचं, कारण शोध इंग्रजी शब्दांवर चालतो. याच कारणासाठी बंगळूरच्या जाहिराती शोधताना शहराचं जुनं आणि नवं अशी दोन्ही स्पेलिंग टाकून बघावीत.

नोटीसच्या, म्हणजे राजीनामा दिल्यावर किती दिवस काम करायचं त्या मुदतीच्या, रकान्यात आपल्याकडच्या उमेदवारांकडे एक मोठी जमेची बाजू आहे आणि ती फुकट जाते. मोठ्या आयटी कंपन्यांत ९० दिवसांची नोटीस असते. कुपवाड, मिरज किंवा सातारा एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांत ती बहुधा ३० दिवसांची किंवा त्याहून कमी असते. १५ दिवस किंवा कमी, एक महिना, दोन महिने असे जे टप्पे दिलेले आहेत, त्यांवरूनच शोधणारा चाळणी लावतो. नेमणूकपत्र काढून त्यात नोटीस किती लिहिली आहे ते वाचा आणि तेवढीच भरा. ‘सांगता येत नाही’ म्हणून तीन महिने टाकलेला उमेदवार घाईच्या भरतीतून बाद होतो. घाईची भरती म्हणजेच बाहेरगावच्या माणसाला दार उघडं असण्याची वेळ.

प्रोफाइल किती दिवसांत वापरलं गेलं यावरही चाळणी असते. महिनाभर लॉगिन केलं नाही की चांगलं भरलेलं प्रोफाइलही मागे पडतं. दोन-तीन दिवसांतून एकदा लॉगिन करून एखादं कौशल्य किंवा एखादं वाक्य सुधारून जतन करावं. सोमवारी आणि मंगळवारी सकाळी नवीन जाहिराती बऱ्याच पडतात, तेव्हा केलं तर उत्तम. सध्याच्या मालकाला कळू नये असं वाटत असेल तर ठरावीक कंपन्यांपासून प्रोफाइल लपवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. सांगलीसारख्या गावात, जिथे दोन कारखान्यांचे एचआर एकमेकांना ओळखतात, तिथे ही सोय पहिल्याच दिवशी वापरावी.

या सेवेची उणी बाजू म्हणजे फोन. प्रोफाइल उघडं केलं की विमा विकणारे, कोर्स विकणारे आणि ‘मुलाखत पक्की करून देतो, फक्त नोंदणी फी भरा’ म्हणणारेही फोन करतात. संकेतस्थळाच्या नावाने बोलणारा असा फोन आला तर तिथेच बंद करावा. बायोडाटा लिहून देणं किंवा अर्ज वर दाखवणं अशा सशुल्क सेवा इथे आहेत, पण त्यांनी नोकरीची हमी मिळत नाही. वर सांगितलेले रकाने नीट भरलेले असतील तर नव्या उमेदवाराने त्यावर पैसे घालू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. नोकरीच्या कामासाठी वेगळं सिम घेणं जास्त शहाणपणाचं, पण ते सिम घरात जिथे नेटवर्क येतं तिथेच ठेवा आणि दहा ते सहा या वेळात अनोळखी नंबर उचला. न उचललेल्या फोनवर भरती करणारा सहसा दुसऱ्यांदा फोन करत नाही, तो यादीतल्या पुढच्या नावाकडे जातो. फोनवरचा पहिला प्रश्न ‘सध्या कुठे आहात?’ हाच असतो. उत्तर एका दमात यावं: ‘सांगलीत आहे, ऑफर मिळाल्यापासून ३० दिवसांत पुण्यात राहायला येईन, खर्च माझा, प्रत्यक्ष मुलाखतीला दोन दिवस आधी कळवलं तर येतो.’ ‘बघू, घरी विचारतो’ या उत्तरावर तो फोन तिथेच संपतो. घरच्यांशी बोलायचं ते प्रोफाइल उघडं करण्याआधी. पाचपैकी चार.

एक गोष्ट फक्त सातारकरांसाठी. पुण्याचं अंतर इथून ११० किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे ‘पुणे’ लिहिलेली प्रत्येक जाहिरात आवाक्यातली वाटते. पण जाहिरातीतलं पुणे म्हणजे हिंजवडी, चाकण, रांजणगाव किंवा शिरवळ यांपैकी काहीही असू शकतं. शिरवळ तर सातारा जिल्ह्यातच आहे, खंडाळा तालुक्यात, आणि तिथल्या कारखान्यांच्या जाहिराती अनेकदा पुण्याच्या नावाने लागतात. शिरवळ, केसुर्डी, लोणंद ही नावं स्वतंत्रपणे टाकून शोधा. रांजणगाव मात्र पुण्याच्याही पलीकडे पन्नास किलोमीटर, तिथे साताऱ्याहून रोज ये-जा होणार नाही. अर्ज करण्याआधी जाहिरातीतला कारखान्याचा पत्ता नकाशावर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. खंबाटकी घाटातली आणि कात्रज-स्वारगेटची गर्दी धरूनच वेळ मोजा.

लिंक्डइनची रीत वेगळी आहे. तिथे जाहिरातीवर केलेला अर्ज कमजोर आणि ओळख जबरदस्त. सोपा अर्ज नावाचं जे एका टिचकीचं बटण आहे, त्यावर काही तासांत शेकडो अर्ज पडतात, आणि त्यात बाहेरगावचा फ्रेशर हरवून जातो. त्यापेक्षा चाळणीतून ‘गेल्या २४ तासांतील’ जाहिराती निवडून त्यांनाच अर्ज करा आणि लगेच त्या कंपनीत आपल्या कॉलेजचं कोण आहे ते शोधा. यासाठी लिंक्डइनवर कॉलेजच्या पानाला माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो. वालचंद, साखराळ्याचं राजारामबापू इन्स्टिट्यूट, कराडचं शासकीय अभियांत्रिकी, विलिंग्डन, साताऱ्याची रयतची कॉलेजं, कोणतंही पान उघडा, माजी विद्यार्थी कोणत्या शहरात आणि कोणत्या कंपनीत आहेत ते मोजून दिलेलं दिसतं. त्यात बंगळूर निवडलं की नावांची यादीच समोर. गावचा माणूस आधी पोचलेला असण्याची जी जुनी सोय होती, ती आज या एका विभागात शिल्लक आहे, आणि आमच्या मते लिंक्डइनवर खातं काढायला एवढं एकच कारण पुरेसं आहे.

मोफत खात्यावर ओळखीच्या विनंतीबरोबर चिठ्ठी पाठवण्याच्या संधी मोजक्याच मिळतात, म्हणून ती वाया घालवू नका. ‘सर, जॉब असेल तर सांगा’ या चिठ्ठीला कोणी उत्तर देत नाही, कारण त्यावर करण्यासारखं काहीच नसतं. कॉलेज आणि वर्ष, त्या कंपनीच्या जाहिरातीचा क्रमांक, आपला अनुभव एका ओळीत आणि ‘आपण अंतर्गत शिफारस करू शकाल का’ हा थेट प्रश्न, एवढंच लिहा. गावचा माणूस असेल तर ‘दादा’, ‘ताई’ म्हणून मराठीत सुरुवात केली तरी चालते, पण जाहिरातीचा क्रमांक हवाच. समोरच्याला शिफारस भरायला तोच लागतो. होकार आला की एका पानाचा बायोडाटा त्याच दिवशी पाठवायचा.

‘कामासाठी उपलब्ध’ ही खूण लावताना ती सगळ्यांना दिसावी की फक्त भरती करणाऱ्यांना, हे विचारलं जातं. नोकरीत असाल तर दुसरा पर्याय निवडा, पण तोही शंभर टक्के झाकत नाही, हे लिंक्डइन स्वतःच सांगतं. याच ठिकाणी पाच पदं आणि हवी ती शहरं देता येतात, तसंच ऑफिसात, घरून की दोन्ही मिळून, हेही. घरून काम एवढंच निवडणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की त्या जाहिरातींना देशभरातून अर्ज पडतात. ‘दोन्ही मिळून’ हा पर्याय सांगली-साताऱ्याच्या उमेदवाराला जास्त जवळचा, कारण आठवड्यात दोन-तीन दिवस पुण्यात राहणं जमवता येतं. तीन वर्षांहून जास्त अनुभव असेल तर लिंक्डइनला साडेचार, नुकतं कॉलेज संपलं असेल तर तीन.

इंडीडची एक गोष्ट आम्हाला मनापासून आवडते: ते शहराचा प्रश्न उघडपणे विचारतं. अनेक जाहिरातींत अर्ज करतानाच ‘या कामासाठी तुम्ही रोज ये-जा करू शकाल का, किंवा स्थलांतर करणार आहात का’ असा प्रश्न येतो. ये-जा करू शकतो, स्थलांतर करणार आहे, स्थलांतरासाठी मदत लागेल, नाही, अशी उत्तरं असतात. जाहिरातीत ही अट ‘आवश्यक’ म्हणून लावलेली असेल तर चुकीच्या उत्तराने अर्ज मागे पडतो. सांगलीहून पुण्याला ‘ये-जा करू शकतो’ हे उत्तर देणं म्हणजे स्वतःला खोटं पाडणं, कारण तुमचा पत्ता वरच दिसतो. ‘स्थलांतर करणार आहे’ हेच निवडा. ‘मदत लागेल’ हे फक्त वरिष्ठ पदासाठी, जिथे सामान हलवण्याचा खर्च देण्याची पद्धत असते. इथे अंतराची चाळणीही असते, शहराभोवती अमुक किलोमीटर अशी. पुण्याचा शोध त्यामुळे आसपासच्या गावांपर्यंत जातो, आणि मिरज टाकलं तर सांगली-कुपवाडही येतं. उणीव अशी की छोट्या एजन्सीच्या, कंपनीचं नाव न सांगणाऱ्या जाहिराती इथे बऱ्याच मिसळलेल्या असतात. कंपनीचं नाव नसेल तर पुढे जाऊ नका. पाचपैकी तीन.

सरकारी सेवांपैकी नॅशनल करिअर सर्व्हिस हे केंद्राचं संकेतस्थळ २०१५मध्ये सुरू झालं आणि महास्वयं हे राज्याच्या कौशल्य, रोजगार, उद्योजकता विभागाचं. दोन्ही मोफत. महास्वयंवरची नोंदणी आधार आणि मोबाइलच्या ओटीपीवर होते. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राचे ऑनलाइन आणि प्रत्यक्ष रोजगार मेळावे इथूनच कळतात. दूरच्या नोकरीसाठी मात्र या सेवा अपुऱ्या पडतात, कारण जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या रिक्त जागांवरच त्यांचा भर असतो. बंगळूरच्या सॉफ्टवेअर कंपनीची जागा इथे शोधण्यात वेळ घालवू नये. आयटीआय आणि डिप्लोमा झालेल्यांसाठी चित्र वेगळं आहे. मेळाव्यात चाकण-रांजणगावच्या कारखान्यांचे लोक येतात आणि त्याच दिवशी मुलाखत होते. तिथे फक्त एक गोष्ट विचारून घ्या: नेमणूकपत्र कारखान्याचं मिळणार की ठेकेदाराचं? ठेकेदाराचं असेल तर पीएफ कोणाच्या नावाने भरला जाईल, राहण्याची सोय आहे का आणि तिचे पैसे पगारातून किती कापणार, हे लिहून मागा. दूरसाठी दोन, आयटीआयवाल्यांसाठी साडेतीन.

रेल्वेच्या जागांबद्दल एकच वाक्य, कारण चूक महाग पडते: एका जाहिरातीसाठी एकाच भरती मंडळाकडे अर्ज करायचा असतो, मुंबई आणि सिकंदराबाद अशा दोन ठिकाणी केलात तर सगळेच अर्ज बाद होऊ शकतात.

आता त्या दुकानाकडे वळू, जिथे यातले निम्मे अर्ज खरोखर भरले जातात. कॉलेजजवळचं, बसस्टँडजवळचं झेरॉक्स-टायपिंग सेंटर. शुल्क थोडं आणि माणसं कामसू, पण तिथे तीन ठरावीक चुका होतात आणि त्या दूरच्या अर्जाला मारक ठरतात. पहिली, नोंदणीत सेंटरवाल्याचाच ईमेल किंवा मोबाइल टाकला जातो. मुलाखतीचा निरोप मग उमेदवाराकडे कधीच पोचत नाही आणि पासवर्ड बदलायचा ओटीपीही त्याच्याकडेच जातो. आपला ईमेल आधी घरीच उघडून न्यावा. दुसरी, बायोडाटाचं छापील पान स्कॅन करून त्याची पीडीएफ केली जाते. ती माणसाला दिसते, पण संगणकाला तो फक्त फोटो असतो, त्यातली कौशल्यं तो वाचू शकत नाही. तपासण्याची रीत सोपी: पीडीएफ उघडून एखादी ओळ बोटाने निवडून कॉपी होते का बघा. होत नसेल तर मूळ वर्ड फाइलमधूनच पीडीएफ बनवून घ्या, आणि ती वर्ड फाइल स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. नोकरी डॉट कॉमवर फाइल २ एमबीच्या आत लागते, स्कॅन केलेली बऱ्याचदा त्यात बसतही नाही.

तिसरी चूक नमुन्याची. वर्षानुवर्षं तोच साचा चालतो: वर ‘मु. पो., तालुका, जिल्हा, पिन’ असा पूर्ण पत्ता, मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ आणि स्थळ : सांगली. खासगी कंपनीला यातलं काही नको असतं. पत्त्याच्या जागी फक्त ‘सांगली, महाराष्ट्र, पुण्यास स्थलांतरास तयार’ एवढी ओळ आणि मोकळी झालेली जागा कामाच्या तपशिलाला. तपशील म्हणजे आकडे: किती यंत्रं सांभाळली, किती माणसांची पाळी, कोणता माल, टॉलरन्स किती, नाकारलेला माल किती कमी झाला. ‘प्रॉडक्शनमध्ये काम केलं’ या ओळीवर बाहेरगावचा माणूस बोलवायचा धोका कोणी घेत नाही. सेंटरची सेवा फोटो, स्कॅन आणि प्रिंटसाठी उत्तम, अर्ज मात्र स्वतः भरावा.

नावाचा घोळ इथेच निस्तरून घ्या. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नाव गाळलेलं, लग्नानंतर मुलींचं आडनाव एका कागदावर बदललेलं आणि दुसऱ्यावर नाही. गावातल्या मालकाला त्याचं काही वाटत नाही. मोठी कंपनी पडताळणी बाहेरच्या संस्थेकडे देते आणि ती प्रत्येक फरकाला शेरा मारते. ऑफर हातात आल्यावर दुरुस्ती करायला वेळ नसतो. आधार, पॅन आणि पीएफचा यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) या तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख अक्षरशः सारखी करा. राज्य मंडळाच्या गुणपत्रिका डिजिलॉकरवर मिळतात, त्या उतरवून ठेवा. शिवाजी विद्यापीठाचं पदवी प्रमाणपत्र घेतलं नसेल तर आत्ताच अर्ज करा. जुनी नोकरी सोडली असेल तर पीएफमध्ये सोडल्याची तारीख चढली आहे का बघा. मालकाने चढवली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतः भरता येते. कुपवाडच्या छोट्या कारखान्यात पगार रोखीने मिळत असेल, तर अनुभवाचं पत्र आणि तीन महिन्यांच्या पगारपावत्या आधीपासून मागायला लागा. त्यांशिवाय चार वर्षांचा अनुभव कागदावर शून्य धरला जातो.

मुलाखतीची पहिली फेरी आता बहुधा व्हिडिओवर होते आणि ती बाहेरगावच्या उमेदवाराची सर्वांत मोठी सोय आहे. तासाभराच्या कॉलला साधारण १ जीबी डेटा धरावा. दिवसाला दीड जीबीच्या प्लॅनवर सकाळी काही बघत बसलात, तर मुलाखतीत चित्र अडकतं. घरी वायफाय असेल तर राउटरला छोटा यूपीएस लावा, कारण वीज गेली की लॅपटॉप चालू राहतो पण राउटर बंद पडतो. दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट हाताशी हवा.

प्रत्यक्ष बोलावलं तर मिरज जंक्शनचा फायदा घ्या. बंगळूरसाठी राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्रीचा प्रवास करून सकाळी उतरवते, मुंबईसाठी महालक्ष्मी. पुण्याला कोयना आहेच, शिवाय सप्टेंबर २०२४पासून कोल्हापूर-पुणे आणि हुबळी-पुणे वंदे भारत सांगली, साताऱ्याला थांबतात, मात्र त्या रोज नाहीत. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि मुलाखत चार दिवसांवर असते, म्हणजे तत्काळ आलंच: एसीचं आदल्या दिवशी सकाळी १० वाजता, स्लीपरचं ११ वाजता. मुलाखतीची वेळ विचारली तर सकाळी अकरानंतरची मागा, गाडीला उशीर होतो हे गृहीत धरून.

ऑफर आली की आकडा बघून लगेच हो म्हणू नका. समजा बंगळूरची ऑफर वर्षाला ४ लाख २० हजार आहे. महिन्याला ३५,००० दिसतात. मूळ पगार त्याच्या निम्मा, १७,५०० धरला तर कंपनीचा पीएफ १२ टक्क्यांनी २,१०० आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी सुमारे ८४२ या आकड्यातच मोजलेले असतात. मग तुमचा पीएफ २,१०० आणि व्यवसाय कर २०० कापून हातात येतात २९,७५८. यात कामगिरीवर मिळणारा १० टक्के भाग असेल तर दरमहा आणखी ३,५०० कमी, तो वर्षाअखेरीस मिळाला तर मिळाला. त्यातून खोली, मेस, बस आणि गावी येण्याचं भाडं. बंगळूरला घरमालक कित्येक महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत मागतात, ती पहिल्या पगाराआधीच द्यावी लागते. म्हणून पहिले दोन महिने पीजी, आणि मग चार जणांत घर. कुपवाडला घरचं जेवून मिळणारे १८,००० आणि तिथले हे २९,७५८ अशी तुलना कागदावर मांडा, मगच आकडा मागा. वाटाघाट ऑफर लेटर सही करण्याआधीच होते.

गल्लीतल्या कन्सल्टन्सीबद्दल. काही खरोखर काम करतात, त्यांना पैसे कंपनीकडून मिळतात. उमेदवाराकडून नोंदणी फी, लॅपटॉपची अनामत किंवा प्रशिक्षणाचा खर्च मागणारी कुठलीही असो, तिथून उठावं. ऑफर लेटर मोफत ईमेलवरून आलं असेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकून नोंदणी आणि पत्ता बघा, मग कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरच्या नंबरवर फोन करून विचारा. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते.

आखातात जाणाऱ्यांसाठी केंद्राचं ई-मायग्रेट संकेतस्थळ. नोकरी शोधायला याचा फारसा उपयोग नाही, पण तपासणीसाठी पाचपैकी पाच. परदेशी भरतीचा एजंट १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला असावा लागतो, आणि त्याचं नाव व क्रमांक इथे दिसतात. उमेदवाराकडून त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० एवढेच घेता येतात, तेही पावती देऊन. लाखात आकडा सांगणारा किंवा ‘आधी पर्यटक व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ’ म्हणणारा एजंट टाळा. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर उत्प्रवास तपासणीची नोंद असते आणि १८ ठरावीक देशांत कामाला जाताना त्यांना मंजुरी घ्यावी लागते. ती न घेता विमानतळावर गेलेल्यांना परत पाठवलं जातं. कराराची प्रत मराठीत समजून घ्या, पगार कोणत्या चलनात, जेवण-राहणं कोणाचं आणि पासपोर्ट कोणाकडे राहणार, हे तीन मुद्दे बोटाने दाखवून विचारा.

रुजू झाल्याच्या आठवड्यात सगळ्या संकेतस्थळांवरचं ‘सध्याचं शहर’ बदला, ‘कामासाठी उपलब्ध’ची खूण काढा आणि नोटीसचा रकाना नव्या नेमणूकपत्राप्रमाणे भरा. ज्यांनी शिफारस केली त्यांना फोन करून कळवा. आणि कॉलेजच्या पानावर तुमच्या नावापुढे आता बंगळूर दिसू लागेल, तेव्हा तासगावहून किंवा कोरेगावहून येणाऱ्या पहिल्या चिठ्ठीला उत्तर द्या.